आधी विहीर बघा

अलिबागच्या बाजूला नागाव, आक्षी, चौलकडच्या वाड्यांमध्ये नारळ-सुपारीच्या मधोमध विहीर असतेच. आता तिथे बंगला बांधणाऱ्यांना शेजारी पोहण्याचा तलावही हवा असतो. त्यासाठी टाइलची निळी छटा कोणती घ्यायची यावर घराघरांत खूप चर्चा झडते, पण विहिरीत कोणी वाकून बघत नाही. खरं तर पहिला निर्णय तिथेच व्हायला हवा. मे महिन्यात तळाशी गेलेलं पाणी श्रावणात काठाजवळ येतं, आणि जे पाणी विहिरीत वर चढतं तेच तलावाच्या तळाखालीही चढत असतं.

नागावला माझ्या मावसभावाच्या घरी तलावाचं काम चाललं होतं तेव्हा मी वरचेवर जात असे. माप साधं: 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, एका टोकाला 1 मीटर खोल आणि दुसऱ्या टोकाला दीड. म्हणजे 40 हजार लिटर पाणी. या मापाच्या हौदाला लागणाऱ्या काँक्रीटचं वजन ढोबळमानाने 35 टन होतं. आता तळाखालचं भूजल तळापासून 1 मीटर वर चढलं, तर ते दर चौरस मीटरला 1 टन जोराने हौद वर ढकलतं. तळ 32 चौरस मीटरचा, म्हणजे 32 टन. पाणी आणखी एक वीत चढलं की पारडं फिरतं. हौद भरलेला असेल तर आतलं पाणी त्याला दाबून धरतं. रिकामा असेल तर तो जमिनीतून उचलला जातो. किनाऱ्याजवळच्या एका वाडीत मी असा उचललेला तलाव पाहिला आहे. ऐन पावसाळ्यात सफाईसाठी उपसला, आणि एक कोपरा जमीन फोडून वर आला. पाइप तुटले, फरशा उखडल्या. तो पुन्हा खाली बसवता येत नाही, फोडावाच लागतो.

मावसभावाच्या मिस्त्रीला हे पक्कं ठाऊक होतं. ‘दादा, खोल जाऊ नका, वर या,’ असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला. त्याप्रमाणे तलाव अर्धा मीटर जमिनीच्या वर काढला आणि बाहेरून जांभ्याची भिंत बांधून घेतली. तळाखाली खडीचा थर दिला आणि कोपऱ्यात एक उभा पाइप सोडला. कधी तलाव उपसायची वेळ आलीच, तर आधी त्या पाइपातून खालचं पाणी काढायचं. तळात दाब सोडणारी झडपही बसवता येते. पण एकट्या झडपेवर विसंबू नये, ती वाळूने तुंबते.

बाजारात तयार फायबरचे तलाव मिळतात, जमिनीत लायनर अंथरून केलेलेही असतात. फायबरचं काम लवकर उरकतं हे खरं. पण आठ मीटरचा अखंड सांगाडा घेऊन ट्रेलर वाडीच्या बोळात वळत नाही, आणि हलका असल्याने भूजल त्याला आणखी सहज उचलतं. इथे काँक्रीटच बरं.

खोदाई पाऊस संपून विहिरी खाली गेल्यावर करायची. पुळणीची जमीन असेल तर खड्ड्याच्या कडा ढासळतात, म्हणून खड्डा ऐसपैस घ्यावा लागतो. मग सळयांची दुहेरी जाळी येते. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते काँक्रीटमध्ये किंवा क्युरिंगला अजिबात वापरू नये. त्यातलं मीठ सळई आतून खातं आणि काही वर्षांनी भिंतीवर गंजाचे डाग फुटतात. तळ एका दमात ओतायचा. तळ आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा सगळ्यात कच्चा, म्हणून तिथे पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी आधीच उभी केलेली असते. तळाची जाळी, भिंतीतले नोझल, दिव्याची खोबण हे सगळं काँक्रीटच्या आधी जागेवर बसलं पाहिजे. नंतर कोर मारून घातलेला पाइप म्हणजे हमखास गळती.

या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला टप्पा पाहुण्यांना कधीच दिसत नाही. भिंती उभ्या राहिल्या, वॉटरप्रूफिंग झालं, पण टाइल लागलेली नाही आणि बाहेरून माती भरलेली नाही, अशा अवस्थेत हौद काठोकाठ भरून सात दिवस ठेवला. मिस्त्री रोज सकाळी बाहेरच्या खड्ड्यात उतरून भिंतींवर हात फिरवी. एका नोझलपाशी ओल दिसली, ती तिथेच दुरुस्त झाली. घाईत माती लोटली असती तर हीच ओल पुढे कित्येक वर्षं शोधत बसावं लागलं असतं. गळती आहे की उन्हाने पाणी उडतंय, हे ओळखायची युक्तीही मी त्याच्याकडूनच पाहिली. पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर ठेवायची, आत-बाहेर पाण्याची पातळी सारखी करायची, पंप बंद ठेवून दुसऱ्या दिवशी बघायचं. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ऊन. तलावात जास्त उतरलं तर गळती.

भरताना आणखी एक गोष्ट समोर येते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच स्वच्छ दिसणारं पाणी चहाच्या रंगाचं होतं. घाबरायचं नाही, लोह बाहेर पडलंय, ते फिल्टरच्या वाळूत अडकू द्यायचं आणि बॅकवॉश करायचा. फिल्टरवरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा अर्ध्या बारने वाढला की बॅकवॉशची वेळ झाली. व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद, हा नियम कधीही मोडू नये.

रोजच्या देखभालीत लोक क्लोरीन मोजतात आणि पीएच सोडून देतात. क्लोरीन 1 ते 3 पीपीएम हवं, पण त्यातलं जंतू मारणारं रूप किती उरेल हे पीएच ठरवतो. 7.5 ला ते साधारण निम्मं असतं, 8 ला जेमतेम पाव. म्हणजे पीएच चढलेल्या तलावात डबेच्या डबे ओतले तरी पाणी हिरवट होऊ शकतं. डोळे झोंबवणारा तो वासही जास्त क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीशी जोडून निकामी झालेल्या क्लोरीनचा असतो. उतरण्याआधी साध्या पाण्याने अंघोळ केली की औषधाचा खर्च खरोखर कमी होतो. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका कपाटात ठेवू नयेत, एकाच मगाने तर मुळीच काढू नयेत. दोन्ही एकत्र आल्या तर पेट घेतात, स्फोटही होतो.

पावसाळ्यात या पट्ट्यात 2 हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. 32 चौरस मीटरवर तो 64 हजार लिटर होतो, म्हणजे तलावात मावतं त्याच्या दीडपट. औषधं पातळ होत जातात, शेवाळाचं फावतं. तरीही तलाव रिकामा करायचा नाही. पातळी थोडी उतरवायची, पंप रोज चालवायचा, क्लोरीन सांभाळायचं. नीट राखलेला तलाव दर वर्षी उपसावा लागत नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. एप्रिलमध्ये गावात टँकरची वाट बघणारी माणसं असताना 40 हजार लिटर गटारात सोडणं मला पटत नाही.

तलावाला कुंपण मात्र पहिल्या दिवसापासून हवं, पाणी भरण्याआधी. तळाच्या शोषनळ्या दोन आणि एकमेकींपासून लांब असाव्यात, म्हणजे एकीवर अंग चिकटलं तरी दुसरी पाणी ओढत राहते. कुंपणाचं फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं, आणि कडी लहान मुलाचा हात पोचणार नाही इतकी उंच. पाहुणे आले की येण्याजाण्याच्या सोयीसाठी कोणीतरी त्या फाटकाला वीट लावून ठेवतं. ती वीट दिसली की लगेच काढायची, गप्पा अर्धवट टाकून उठावं लागलं तरी.