अंधार आणि पॉवर : 'शक्तिमान'चे दोन खलनायक



आज बोलायचंय कर्जाबद्दल, पण सुरुवात करू 'शक्तिमान'पासून. हसू नका! ही मालिका दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. ज्यांचं लहानपण त्या काळातलं, त्यांना वेगळं सांगायला नको. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ती पुन्हा दाखवली, त्यामुळे आपल्या पोरांनाही ती माहीत झाली. मुकेश खन्ना शक्तिमान झाले होते. एरवी ते गंगाधर नावाचे वर्तमानपत्रातले साधे, वेंधळे फोटोग्राफर असायचे.

शक्तिमान सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण शिकण्यासारखं जास्त आहे ते त्याच्या शत्रूंकडून. त्यातले दोघं आज घेऊ : तमराज किल्विष आणि डॉक्टर जॅकाल.

किल्विषचं काम सुरेंद्र पाल यांनी केलं. बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत'मधले द्रोणाचार्य तेच, आणि त्यातले भीष्म म्हणजे मुकेश खन्ना. नावातच सगळं आलंय बघा. तम म्हणजे अंधार. किल्विष हा जुना संस्कृत शब्द, त्याचा अर्थ पाप. अंधार कायम राहो, हाच त्याच्या माणसांचा घोष. तो स्वतः क्वचितच बाहेर पडतो, आपली माणसं पाठवतो. माणसाच्या मनातला लोभ, राग, भीती हेच त्याचं भांडवल.

जॅकालचं काम ललित परिमू यांनी केलं. इंग्रजीत जॅकाल म्हणजे कोल्हा. हा गुहेतला राक्षस नाही, शिकलेला शास्त्रज्ञ आहे. त्याच्याकडे प्रयोगशाळा आहे, यंत्रं आहेत आणि तोंडात एकच शब्द : पॉवर!

म्हणजे एक भीती दाखवतो आणि दुसरा हुशारीनं भुलवतो. किल्विष दिसला की पोरं घाबरायची, जॅकालची मात्र नक्कल करायची. धोका दोघांचाही सारखाच, पण हसऱ्या चेहऱ्याचा धोका उशिरा कळतो.

आता आपल्या गावात या. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर असो, टिटवाळ्याजवळ असो, नाही तर कल्याण-डोंबिवलीच्या चाळीत असो, पैशाची अडचण आली की दोन दारं दिसतात. एक दार बिनपरवाना सावकाराचं. तिथं कागद नाही, पावती नाही, व्याज तोंडी. नोंद नसणं हाच त्याचा अंधार. दुसरं दार चकचकीत : मोबाईलमधलं कर्जाचं ॲप, नाही तर मोटारसायकलवर येणारा गोड बोलणारा माणूस. "ताई, दहा मिनिटांत पैसे. त्या सावकाराच्या तावडीतून आम्ही सोडवतो तुम्हाला."

इथंच आपण फसतो. सावकाराचा शत्रू म्हणजे आपला मित्र, असं वाटतं. पण दोन खलनायकांचं आपसात वैर असलं, म्हणून त्यातला एक आपोआप चांगला होत नाही.

इंग्लंडमध्ये 'डॉक्टर हू' नावाची विज्ञानकथेची मालिका १९६३ साली सुरू झाली. तिच्यात डालेक आणि सायबरमॅन असे दोन जुने शत्रू आहेत. २००६ सालच्या एका कथेत ते पहिल्यांदा समोरासमोर आले. सायबरमॅननी युतीचा प्रस्ताव ठेवला, डालेकनी तो धुडकावला आणि लढाई पेटली. मग माणसं वाचली का? नाही. दोघांच्या मारामारीत रस्त्यावरची साधी माणसंच भरडली गेली.

ही झाली गोष्ट. आता खरं घडलेलं ऐका. आंध्र प्रदेशात २०१० पर्यंत अनेक सूक्ष्म वित्त कंपन्या एकमेकींशी चढाओढ करत होत्या. एकाच घरात तीन-तीन, चार-चार कर्जं गेली. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून उचल. वसुलीची जबरदस्ती आणि आत्महत्या यांच्या बातम्या आल्या, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. कंपन्यांची चढाओढ होती, पण ओझं बायांच्या डोक्यावर आलं.

म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम केले. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज म्हणजे सूक्ष्म वित्त कर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. हिशोब करून बघू. घरात महिन्याला १४,००० रुपये येतात, तर मर्यादा ७,०००. एक हप्ता २,४००, दुसरा २,७००, तिसरा २,१००. बेरीज ७,२००. हप्ता एकेकटा बघितला तर झेपेलसा वाटतो, पण एकत्र केले की रेषा ओलांडली.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. विमा संमतीशिवाय गळ्यात मारता येत नाही. वसुलीसाठी शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, तसंच सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायला मनाई आहे. तक्रार आधी त्या संस्थेकडे लेखी द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. सावकाराला महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानुसार परवाना लागतो. तो नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करा.

'शक्तिमान'मध्ये गीता विश्वास नावाची पत्रकार होती, आठवते? ती उडत नव्हती, तिच्याकडे कुठलीच शक्ती नव्हती. ती प्रश्न विचारायची, माग काढायची आणि लिहायची. आपल्या गटाकडेही तेच आहे. गटाची पंचसूत्री बघा : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिहिलेल्या नोंदी. यातली प्रत्येक गोष्ट अंधाराच्या विरुद्ध जाते.

त्या काळात शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. शेवटी मुकेश खन्नांना पडद्यावरून मुलांना समजवावं लागलं. आपण मोठी माणसंही कधी कधी तसंच करतो. "कर्ज माफ होणार आहे, हप्ता भरू नका," असं कुणी सांगितलं की आपण आभाळाकडे डोळे लावून बसतो. आदेशाचा कागद हातात येईपर्यंत माफी झाली असं धरू नका. तोवर थकबाकी वाढते आणि पुढं बँक गटालाच दारात उभं करत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली सगळी कर्जाची कार्डं आणा, नवऱ्याच्या नावाचीही आणि मोबाईलवरच्या हप्त्यांचीही. लाजू नका. सचिव ताईंनी प्रत्येक घराच्या हप्त्यांची बेरीज करावी आणि शेजारी उत्पन्नाचा निम्मा आकडा लिहावा. जिची बेरीज त्याच्या वर गेली, तिला नवं कर्ज घेऊ न देता जुनं आधी कसं उतरवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा. गटाच्या अंतर्गत कर्जात पहिला नंबर तिचा लावा.