आजीचं ‘पित्त’ आणि ईसीजीची पट्टी

ऐंशी ओलांडलेल्या आजीला दरदरून घाम फुटला, मळमळलं, दोन पावलं चालताना धाप लागली, की घरात पहिला शब्द निघतो ‘पित्त’. आजोबांना असंच झालं तर रिक्षा बोलावली जाते. आम्ही परिचारिकांनी कॅज्युअल्टीत हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

हार्ट अटॅक म्हणजे छातीवर हात ठेवून कोसळणं, हे सिनेमातलं चित्र. अमेरिकेतल्या ११ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४२ टक्के स्त्रियांना आणि सुमारे ३१ टक्के पुरुषांना छातीत दुखलंच नव्हतं. वय वाढतं तसं पुरुषांमध्येही असंच होऊ लागतं, मधुमेह असेल तर जास्तच. म्हणून म्हाताऱ्या माणसाला अचानक धाप, घाम, चक्कर, पोटाच्या वरच्या भागात दुखणं असं काही झालं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. दवाखान्यात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. नाही निघाला तर मागा. ‘आजी घाबरल्यात’ हे ईसीजी काढायच्या आधी कुणी सांगायचं नसतं.

निदान झालं तरी पुढे भेद आहेच. स्वीडनमध्ये आरोग्यसेवा सरकारी पैशावर चालते, म्हणजे तिथे खिशाचा प्रश्न नाही. तरी तिथल्या १,८०,३६८ रुग्णांच्या नोंदींत दिसलं, की रक्तवाहिनी पूर्ण बंद पडणाऱ्या मोठ्या झटक्यात ती मोकळी करण्याचा उपचार मिळण्याची शक्यता स्त्रियांना पुरुषांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होती. अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिनसारखी साधी औषधंही त्यांना कमी मिळाली. जिथे सगळे उपचार मिळाले, तिथे मृत्यूतली तफावत घटली.

यावर डॉक्टर म्हणतील, म्हातारी बाई बारीक असते, मूत्रपिंड थकलेलं असतं, रक्तस्राव होतो. खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणजे वजन आणि मूत्रपिंडाचं काम पाहून औषधाचं माप ठरवणं, आणि अँजिओग्राफी जमेल तिथे मनगटातून करणं. चाळीस किलोच्या आजीचं क्रिएटिनिन रिपोर्टवर ‘नॉर्मल’ दिसलं, तरी मूत्रपिंड अर्धं थकलेलं असू शकतं. हे आम्हाला डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं.

प्रत्येक आजीला स्टेंट हवाच, असं मात्र आम्ही म्हणत नाही. रक्तवाहिनी पूर्ण बंद नसलेल्या झटक्यावर ब्रिटनमध्ये ७५ वर्षांवरच्या १,५१८ रुग्णांची चाचणी झाली. सरासरी वय ८२, जवळपास निम्म्या स्त्रिया. २०२४ साली निकाल आला: अँजिओग्राफीच्या वाटेने गेलेल्यांत पुन्हा झटका येणं कमी झालं, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा अशा झटक्यात फक्त औषधांवर राहणं हाही रास्त निर्णय असू शकतो. मात्र तो आजीला विचारून घ्यावा, आणि औषधं पूर्ण द्यावीत. ‘वय झालंय, कशाला त्रास’ हे मुलांनी जिन्यात उभं राहून ठरवणं म्हणजे निर्णय नव्हे. पूर्ण बंद पडलेल्या रक्तवाहिनीसाठी तर नुसत्या वयाची अट कुठेच नाही.

आपल्याकडे यात गरिबी मिसळते. भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या २०,४६८ रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ३० दिवसांत गरिबांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा हे अंतर उरलं नाही. म्हातारी, बाई आणि गरीब, तिन्ही एका खाटेवर आले की काय होतं, ते तुम्हीच आपल्या वस्तीत बघा.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतखाली वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळू शकतात. त्यासाठी वय वंदना कार्ड लागतं, तेही आधारवर निघतं. आजोबांचं काढायला जाल तेव्हा आजीलाही सोबत न्या. योजनेतलं कोणतं रुग्णालय जवळ आहे आणि तिथे रात्री अँजिओप्लास्टी होते का, हे आजच विचारून ठेवा.