कपाट आतून पाहावं

दिवाळीची साफसफाई निघाली की आजीचं अवजड सागवानी कपाट ठेवायचं की काढायचं, हा प्रश्न अनेक घरांत निघतो. त्याच सुमारास नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेलं एखादं जोडपं तसंच कपाट शोधत बाजार पालथा घालत असतं. वाडे पडतात, चाळींचा पुनर्विकास होतो आणि हे सामान मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर, जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात येऊन पडतं. तिथे गेल्यावर नजर आधी नक्षीवर जाते. ती शेवटी जावी, एवढंच सांगण्यासाठी हा लेख आहे. कपाटाची खरी पारख त्याच्या आत, मागे आणि खाली होते.

हे कपाट आलं कुठून?

आपल्या जुन्या घरांत उभी कपाटं फारशी नव्हती. धान्य कणगीत, वाळवणं उतरंडीत, कपडे नि दागिने पेटाऱ्यात आणि बाकीचं भिंतीतल्या फडताळात किंवा कोनाड्यात असे. गोव्यात पोर्तुगिजांसाठी सोळाव्या-सतराव्या शतकांत सागवान, शिसव आणि हस्तिदंताची जडण केलेल्या, असंख्य छोट्या खणांच्या पेट्या बनू लागल्या. त्यांतल्या अनेक आज युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडावर दाट कोरीवकाम केलेलं ‘ब्लॅकवुड’ फर्निचर नावाजलं गेलं.

घरोघरी दिसणारं साधं, भारदस्त सागवानी कपाट मात्र बहुतेक त्यानंतरचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये स्थापन झाली, १८८५-८६ मध्ये उत्तर ब्रह्मदेशही इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि तिथलं सागवान मोठ्या प्रमाणावर येऊ लागलं. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला तेव्हा हा ओघ तुटला. गोल कोपऱ्यांची, चकचकीत व्हीनिअरची आर्ट डेको कपाटं १९३०-४० च्या दशकांतली. गोदरेजने पोलादी कपाटं १९२३ पासून बनवायला घेतली होती. पुढे ती मध्यमवर्गीय घरांत रुळली आणि लाकडी कपाट मागच्या खोलीत गेलं. विक्रेता ‘दोनशे वर्षांचं’ म्हणाला, तर हा क्रम आठवावा.

खण बाहेर काढून पाहा

पारख करायची तर एक खण पूर्ण बाहेर काढून उजेडात धरावा. पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे जोडलेली आहे तिथे पाहावं. जुन्या हातकामात एका फळीचे पसरट दात दुसऱ्या फळीच्या खाचांत घट्ट बसवलेले असतात. ते दात एकसारखे नसतात. एखादा रुंद, एखादा निमुळता, कडेला सुताराने आखलेली बारीक रेघही कधी दिसते. सगळे दात तंतोतंत सारखे असतील, तर काम यंत्राचं. नुसते खिळे ठोकलेले असतील, तर खण नंतर बदललेला असण्याचा संभव मोठा.

मग तळाच्या फळीवरून खालच्या बाजूने बोटं फिरवावीत. हाताने रंधलेल्या लाकडावर हलक्या लाटा लागतात. गोल करवतीने कापलेल्या फळीवर धनुष्याकृती ओरखडे दिसतात. मोठ्या फळीला उभी चीर असेल तर घाबरू नये. लाकूड वर्षानुवर्षं आडव्या दिशेनेच आक्रसतं, म्हणून अशी चीर जुनेपणाला साजेशीच असते. बिजागऱ्यांचे स्क्रू पाहावेत. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर प्रचारात आला. तो दिसला तर निदान तेवढी दुरुस्ती अलीकडची आहे. कुलपाच्या जागी दुसऱ्या मापाच्या बुजवलेल्या खाचा असतील, तर कुलूप बदललेलं आहे.

जुन्या तुळया नि दरवाज्यांच्या लाकडातून नवं कपाट करण्यात काही गैर नाही. लाकूड उत्तम मुरलेलं असतं. पण ते तसं सांगून, त्या भावाने विकलं पाहिजे.

कीड, ओल आणि वजन

सागवानाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. सालीलगतच्या पांढरट लाकडाला हे संरक्षण नसतं आणि पाठीच्या फळ्यांना अनेकदा तेच वापरलेलं असतं. म्हणून कपाट भिंतीपासून ओढून मागून पाहावं. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात. पोखरणाऱ्या भुंग्याची भोकं गोल आणि टाचणीच्या डोक्याएवढी असतात. भोक आतून काळवंडलेलं असेल तर किडीचा उपद्रव बहुधा जुना. खाली काळा कागद पसरून दोन दिवस ठेवावा. त्यावर ताजा पिवळसर भुसा पडला, तर कीड जिवंत आहे. असं कपाट औषध भरून घेतल्याशिवाय घरात आणूच नये.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचीही तयारी लागते. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून थोडं वर असावं. आपल्या दुभत्याच्या कपाटात ही समज पूर्वीपासून आहे: चहूबाजूंनी जाळी, म्हणजे हवा खेळती राहते आणि मांजराला तोंड घालता येत नाही, पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. आजच्या स्वयंपाकघरात हेच कपाट कांदे-बटाटे, फळं आणि लोणच्याच्या बरण्यांसाठी अतिशय सोयीचं ठरतं.

खरेदीआधी जिना, लिफ्ट आणि दाराची मापं घ्यावीत. अनेक मोठी कपाटं सुटी होतात, वरचा मुकुट उचलता येतो. ते आधी विचारून घ्यावं. हँगरला सुमारे दोन फूट खोली लागते आणि जुनी फळ्यांची कपाटं बरीचशी त्याहून उथळ असतात. ती घडीच्या साड्या, चादरी आणि पुस्तकांना उत्तम. दांडा बसवण्यासाठी फळ्या कापू नयेत, टीव्हीच्या वायरींसाठी पाठ फोडू नये. वस्तूला शोभेल ते काम तिला द्यावं.

पॉलिशची घाई नको

जुन्या कपाटावर बहुतेक लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश असतं. आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब लावून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ती लाख. असं पॉलिश हलक्या हाताने पुसून, वर नवा हात देऊन पुन्हा तजेलदार होतं. सरसकट काचकागद मारून मेलामाइन चढवलं की वर्षानुवर्षं जमलेली रंगाची झाक जाते आणि ती परत येत नाही. जुना तैलरंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून घरभर धूळ करू नये.

कायद्याचीही माहिती असावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा कलात्मक मोलाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्यांनी आजोबांचं कपाट किंवा पेटारा न्यायचा विचार केला, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. हस्तिदंताची जडण असलेली वस्तू मात्र बाजारात घेऊच नये. त्या व्यापारावर बंदी आहे.

नजर तयार करायची असेल, तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि गोव्यातला चांदोरचा ब्रागांझांचा वाडा निवांत पाहावा. अस्सल काम पुन्हा पुन्हा पाहिलं की नकली काम आपोआप खटकतं.

आणि बाजारात जाण्याआधी स्वतःच्या घरात, गावच्या माळ्यावर पाहा. भंगारवाला अशा कपाटाला लाकडाच्या वजनाचा भाव देतो, आणि तसं सागवान, तशी हातजोडणी आज त्याच्या कैक पटींनी पैसे मोजूनही सहजी मिळत नाही. या दिवाळीत कपाट काढायचंच ठरलं असेल, तर आधी एका जाणत्या सुताराला दाखवा, भावंडांना, मुलांना विचारा. कुणी ना कुणी ते नक्की मागेल.