हलक्या भिंतीचे बळ

भिंत जितकी जाड तितके घर मजबूत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वाडे, गढ्या आणि किल्ले पाहत वाढलेल्या महाराष्ट्रीय मनाला तर ती स्वयंसिद्धच वाटते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, तेव्हा या समजुतीची किंमत फार मोठी द्यावी लागली. किल्लारी व आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली; त्यांतील बहुतेक आपल्याच घरांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या जड माळवदाखाली सापडली. ढिगारे उपसताना एक गोष्ट पाहणाऱ्यांच्या ध्यानी आली. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब आणि तुळयांच्या खणांवर तोललेला होता, तेथे पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या, पण खण उभाच राहिला आणि त्याखाली निजलेली माणसे वाचली. जाड होते ते पडले, आणि सडपातळ होते ते उभे राहिले.

या घटनेत जे तत्त्व दिसते, त्याच तत्त्वावर लाकडी सांगाड्याची भिंत उभी असते. तिची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कोकणात कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप देऊन केलेला कूड म्हणजे या भिंतीचीच साधी, घरगुती आवृत्ती होय. कुडाला गरिबीचे लक्षण मानण्यात आले आणि ऐपत येताच तो काढून तेथे वीट आणण्याची चाल पडली. ही चाल सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही. कूड पावसाने कुजतो, वाळवीने पोखरला जातो आणि आगीला सहज बळी पडतो. परंतु कुडाचे दोष टाळून त्याचा गुण तेवढा ठेवता येतो, हे आपल्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला सिद्ध झाले आहे.

१२ जून १८९७ रोजी सायंकाळी आसाम व शिलाँगचे पठार यांना जगातील मोठ्या भूकंपांपैकी एकाचा धक्का बसला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे आर. डी. ओल्डहॅम यांनी त्याचा जो अहवाल तयार केला, तो १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. याच भूकंपाच्या नोंदींवरून पुढे त्यांनी भूकंपलहरींचे तीन प्रकार वेगळे करून दाखविले. शिलाँगमध्ये दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. लाकडी सांगाड्यात गवताचे कूड भरून वर गिलावा केलेली घरे सुमारे निम्मी मोडली. फळ्यांची, जमिनीला न जखडता तिच्यावर नुसती टेकविलेली घरे मात्र जवळजवळ शाबूत राहिली. या तीन ओळींत इमारतशास्त्राचा एक संपूर्ण धडा आहे. लाकूड वापरले म्हणजे काम झाले असे नव्हे, हे त्या मोडलेल्या निम्म्या घरांवरून कळते. सांगाडा कसा सांधला आहे आणि त्यावर किती ओझे चढविले आहे, यावर सारे अवलंबून असते.

त्यानंतर त्या प्रदेशात ‘आसाम पद्धतीचे घर’ म्हणून जी रचना रूढ झाली, ती पाहण्याजोगी आहे. खाली खिडकीच्या पातळीपर्यंत वीट किंवा दगड. त्यावर लाकडी खांब, आडव्या पट्ट्या आणि मधले चौकोन. आणि चौकोनांत इकरा नावाचा उंच, बोरूसारखा दलदलीत वाढणारा वेत उभा बसवून दोन्ही बाजूंनी मातीचा अथवा सिमेंटचा गिलावा. खांब खालच्या बांधकामाला लोखंडी पट्ट्यांनी व बोल्टांनी जोडलेले असतात. छप्पर पन्हाळी पत्र्याचे, म्हणजे तेही हलके. १८ सप्टेंबर २०११ रोजी सिक्कीममध्ये ६.९ प्रतीचा भूकंप झाला, तेव्हा निष्काळजीपणे बांधलेल्या अनेक मजली काँक्रीटच्या इमारतींना गंभीर इजा झाली. इकऱ्याच्या घरांच्या गिलाव्याला भेगा पडल्या, परंतु फार थोडी घरे कोसळली. असे असूनही डोंगराळ शहरांत नव्या घरांतून ही भिंत नाहीशी होत आहे. तिची जागा साडेचार इंची विटेची भिंत घेते, आणि काँक्रीटच्या चौकटीत नुसती कोंबलेली ही सडसडीत वीट भूकंपात आडवी कोसळते तेव्हा खोलीतील माणसाला पळण्यास जागा उरत नाही.

हलकेपणाचा हा लाभ आकड्यांत मांडला म्हणजे अधिक स्पष्ट होईल. चार मीटर लांब व तीन मीटर उंच अशी एक आडभिंत घ्यावी. ती साडेचार इंची विटेची असून दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली असेल, तर तिचे वजन सुमारे तीन हजार किलो भरते. तीच भिंत लाकडी सांगाडा उभारून दोन्ही अंगांनी जिप्समचे तक्ते मारून केली, तर ती सुमारे तीनशे किलोंची होते. इकऱ्याची भिंत जाड लिंपली तरी तिचे वजन विटेच्या भिंतीच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी राहते. आता भूकंपाचा जोर कोणत्याही वस्तूवर तिच्या वजनाच्या प्रमाणात येतो. जमिनीचा आडवा झटका गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश असला, तर विटेच्या भिंतीला सहाशे किलोंचा रेटा सोसावा लागेल आणि लाकडी भिंतीला साठ किलोंचा. भूकंप भिंतीला बाहेरून ढकलीत नाही. तिचे वजनच तिच्या अंगावर उलटते.

सांगाड्याची रचना दिसायला अगदी साधी असते. जमिनीवर एक तळपट्टी, छताखाली एक माथापट्टी, आणि त्या दोहोंच्या मध्ये ठराविक अंतरावर उभ्या दांड्या. दांड्यांचा छेद साधारणपणे १०० × ५० किंवा ७५ × ५० मिलिमीटर असतो आणि त्यांची रुंद बाजू भिंतीच्या जाडीच्या दिशेने ठेवतात, कारण वाकण्याला विरोध त्याच दिशेने हवा असतो. मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ४०० किंवा ६०० मिलिमीटर ठेवण्याची प्रथा आहे. हे आकडे सुताराच्या लहरीने ठरलेले नाहीत. वर मारावयाचे तक्ते १२०० मिलिमीटर रुंद येतात. १२०० ला तीनांनी व दोहोंनी भागले की हीच अंतरे मिळतात आणि तक्त्याची प्रत्येक कड दांडीच्या मध्यावर येऊन टेकते. पहिल्या दांडीचे माप चुकले, तर साऱ्या भिंतीतील तक्त्यांच्या कडा अधांतरी राहतात. दांड्यांच्या अधेमध्ये आडवे तुकडे ठोकतात, त्यामुळे दांड्या पीळ खात नाहीत. दाराच्या दोन्ही बाजूंना दांड्या दुहेरी करतात. कारण दार आपटण्याचा हिसका वर्षानुवर्षे त्यांनाच सोसावयाचा असतो.

अशा बारीक आणि एकसारख्या लाकडांचा सांगाडा खिळ्यांनी जोडण्याची रीत अमेरिकेत १८३० च्या दशकात, मुख्यत्वे शिकागो शहरात, पसरली. लाकूड कापण्याच्या गिरण्या व यंत्राने केलेले स्वस्त खिळे यांमुळे ती शक्य झाली. तोवर जाड वाशांना कूस आणि खाच पाडून सांधणारे कसबी सुतार लागत. आता ते काम चार दिवसांत साधारण माणसे करू लागली. कारागिरीचे काय झाले हा प्रश्न वेगळा, पण घरे झपाट्याने उभी राहिली हे खरे.

मात्र नुसता चौकोन हा मुळात दुबळा आकार आहे. चार काड्या चार टाचण्यांनी जोडून एका कोपऱ्यावर बोट टेकले, तर चौकोन लगेच कलंडतो. त्यात एक तिरपी काडी घातली की त्याचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाचा आकार बाजू मोडल्याशिवाय बदलत नाही. म्हणून सांगाड्यात तिरकस आधार हवा, किंवा प्लायवुडसारखा तक्ता जवळजवळ खिळे मारून असा पक्का करावा की तो स्वतःच तिरकस आधाराचे काम करील. भूकंपात हे खिळे किंचित वाकतात, सांधे किंचित सैलावतात, गिलावा तडकतो आणि त्यात धक्क्याची ऊर्जा खर्ची पडते. भेगा पुन्हा बुजविता येतात. लाकडाच्या टोकात, रेषांच्या दिशेने मारलेला खिळा मात्र सहज उपटून येतो. तो तिरपा मारावा किंवा सांध्यावर लोखंडी पट्टी बसवावी. या बाबतीत काटकसर करणे शहाणपणाचे नाही.

काँक्रीटच्या नव्या घरात अशी आडभिंत घालताना दोन गोष्टींची घाई होते. पहिली म्हणजे माथापट्टी वरच्या स्लॅबला पाचरी ठोकून घट्ट दाबण्याची. स्लॅब कालांतराने थोडा वाकतो. मध्ये फट नसेल तर त्याचा भार आडभिंतीवर येतो, दांड्या फुगतात आणि दारे अडू लागतात. आडभिंतीने स्वतःला सांभाळावे. छत सांभाळणे हे तिचे काम नव्हे. माथा बाजूला सरकणार नाही असा धरावा, पण वरून दबला जाणार नाही इतकी जागा ठेवावी. याच्याच उलट, छताचा भार वाहणारी जुनी भिंत आडभिंत समजून काढून टाकणे हा अधिक भयंकर प्रमाद होय. दुसरी घाई ओल्या जमिनीवर लाकूड ठेवण्याची. नव्या काँक्रीटमधील पाणी सुकण्यास आठवड्यांचे महिने होतात. तोवर तळपट्टीखाली ओल अडविणारा पट्टा घातल्याशिवाय सुताराला कामास लावू नये.

लाकूड आणि पाणी यांचे नाते येथे समजून घेतले पाहिजे. ताज्या लाकडातील पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतील पाणी गेले तरी लाकूड आकसत नाही. ओलाव्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांखाली उतरले की पेशींच्या भिंती सुकू लागतात आणि तेथून आकसणे सुरू होते. वाढीच्या वलयांच्या दिशेने लाकूड जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मे ते गाभ्याकडच्या दिशेने आकसते. लांबीत तर जवळजवळ नाहीच. यामुळेच फळी वाकडी होते. आणि यामुळेच उभी दांडी आखूड होत नाही, पण आडव्या पडलेल्या तळपट्टी व माथापट्टी पातळ होतात. नव्या घरात पहिल्याच उन्हाळ्यात छताच्या कडेला जी सरळ चीर दिसते, तिचे मूळ पुष्कळदा तेथे असते. ओलावा वीस टक्क्यांखाली राहिला तर बुरशीची वाढ होत नाही. भारतीय मानकांनी हवेतील दमटपणानुसार देशाचे चार विभाग पाडून प्रत्येकासाठी लाकडाच्या ओलाव्याची मर्यादा सांगितली आहे. जैसलमेरचे लाकूड आणि रत्नागिरीचे लाकूड यांना एकच माप लागू होत नाही.

वाळवी व किडे यांपासून लाकूड वाचविण्याच्या शास्त्रात भारताचे नाव एका विशेष कारणाने घेतले जाते. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे एक मिश्रण शोधून काढले. हे क्षार लाकडाच्या तंतूंत असे घट्ट बसतात की पावसाने सहसा धुपून जात नाहीत. ‘अ‍ॅस्क्यू’ या नावाने ते जगभर गेले आणि कित्येक दशके विजेचे खांब व रेल्वेचे स्लीपर त्यावर टिकले. पुढे आर्सेनिकच्या विषारीपणामुळे या शतकाच्या आरंभी अमेरिका व युरोपात घरगुती उपयोगासाठी त्यावर निर्बंध आले. घराच्या आतील, पाऊस न लागणाऱ्या आडभिंतीस टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण पुरते. ते पाण्याने धुपते, म्हणून बाहेरच्या भिंतीस चालत नाही.

या भिंतीचे दोषही सांगितले पाहिजेत. जड भिंत आवाज अडविते, हलकी भिंत ढोलासारखी तो पलीकडे पोहोचविते. दोन्ही तक्ते एकाच दांडीला जडलेले असले की शेजारच्या खोलीतील बोलणे दांडीतूनच येते. यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजूंच्या दांड्या वेगळ्या, एकाआड एक ठेवणे आणि मधल्या पोकळीत खनिज लोकर भरणे. आगीचा धोकाही खराच. शिकागोच्या जुन्या सांगाड्यांत दांड्या पायापासून छतापर्यंत अखंड असत आणि मधली पोकळी धुराड्याचे काम करी. पुढे प्रत्येक मजल्यावर आडव्या लाकडांनी ती बंद करण्याचा नियम आला. जिप्समच्या तक्त्यात रासायनिक रीतीने बद्ध झालेले पाणी असते आणि ते वाफ होऊन उडून जाईपर्यंत मागच्या लाकडाचे तापमान फारसे चढत नाही, म्हणून तक्त्यांतील सांधे व विजेच्या पेट्यांभोवतीच्या फटी नीट बुजविणे अगत्याचे आहे.

राहता राहिली गृहिणीची तक्रार, की अशा भिंतीत फडताळ टांगता येत नाही. टांगता येते, मात्र तक्त्यात नव्हे, लाकडात. कपाट, पाण्याची टाकी किंवा हात धुण्याचे भांडे जेथे बसवावयाचे असेल, तेथे तक्ते मारण्यापूर्वी एक जाड आडवे लाकूड दोन दांड्यांमध्ये ठोकून घ्यावे, आणि जमिनीपासूनची त्याची उंची व दारापासूनचे अंतर कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवावे. भिंत एकदा बंद झाली की ते लाकूड शोधण्यासाठी बोटाने टकटक करीत, पोकळ आवाज कोठे संपतो ते ऐकत बसावे लागते.