संगणकाच्या पेटीतील वारा

चूल पेटली की धुराला वाट हवी, हे लहान मुलासही ठाऊक असते. दारे-खिडक्या बंद करून पंखा कितीही फिरविला, तरी धूर घरातल्या घरातच घुटमळतो. घरगुती संगणकाच्या कॅबिनेटमध्येही असेच घडते. मात्र तेथे कोंडते ती उष्णता.

संगणक जी वीज घेतो, तिचे अखेरीस जवळजवळ संपूर्ण रूपांतर उष्णतेत होते. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि तापविल्यावाचून त्या काम करीत नसत. आजच्या प्रोसेसरमध्ये नखाएवढ्या जागेत अब्जावधी ट्रान्झिस्टर दाटलेले असतात. ही जागा फार तापली की स्वतःच्या रक्षणार्थ प्रोसेसर आपली गती कमी करतो. उन्हाळ्यात दुपारी संगणक मंदावतो, त्याचे हे एक कारण होय.

उष्णता वाहून नेण्याचे काम हवेचे. परंतु हवा सर्वत्र सारखी दाट नसते. बंगळूरजवळचे देवनहळ्ळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. समान तापमानास तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते. संगणक ३०० वॅट उष्णता देत असेल आणि पेटीतून जाताना हवा १० अंशांपेक्षा अधिक तापू द्यावयाची नसेल, तर मुंबईत दर सेकंदास सुमारे २५ लिटर हवा पुरेल; देवनहळ्ळीत २८ लिटर लागेल. तेथील हवा मुंबईपेक्षा बहुधा थंड असते, हा लाभ खरा. पण वाट अडली असेल तर तो वाया जातो.

म्हणून पंख्यांची संख्या वाढविण्यापूर्वी वाऱ्याची वाट पाहावी. पुढून, खालच्या बाजूने थंड हवा आत यावी आणि मागून व वरून तप्त हवा बाहेर पडावी. समोरासमोरचे पंखे दोन्ही हवा आत ढकलीत असतील, तर ते परस्परांस अडवितात. तारांचे जुडगे वाटेतून बाजूस बांधावेत. पेटी भिंतीस चिकटवून वा बंद कपाटात ठेवू नये, कारण तेथे बाहेर पडलेली तप्त हवाच पुन्हा आत शिरते.

दुसरा शत्रू धूळ. शीतकाच्या धातूच्या पात्यांमध्ये ती साचली की हवेचा धातूस स्पर्शच होत नाही. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेहून किंचित अधिक ठेवावी आणि आतल्या वाटेवर जाळी बसवावी. मग फटींतून धूळ शिरत नाही. सफाईपूर्वी विजेचा संबंध तोडावा, आणि ब्रशाने झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

परीक्षा सोपी आहे. कागदाची पातळ पट्टी पेटीच्या जाळीसमोर बाहेरून धरावी. पुढे ती आत ओढली गेली आणि मागे बाहेर फडफडली, म्हणजे वाट मोकळी आहे असे समजावे.