ब्रेकमधले पाणी

तंजावर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सरफोजी राजांचा सरस्वती महाल उभा राहतो. आज मात्र मी आपणांस त्या ग्रंथालयात नेणार नाही. तंजावरहून कुंभकोणमकडे निघाले म्हणजे वाटेत, कावेरीच्या सुपीक मुलखात, पापनाशम नावाचे गाव लागते. तमिळनाडूत पापनाशम दोन आहेत. ताम्रपर्णीच्या काठचे, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले ते निराळे; आपले पापनाशम सपाट भातशेतीतले. येथील पालैवननाथाच्या देवळात नायक राजांच्या काळचे विटांचे एक भले मोठे गोल कोठार अजून उभे आहे. दमट हवेपासून दाणा जपावा लागतो, हे या मुलखाला शतकानुशतके ठाऊक आहे. आजही सरकारी खरेदी केंद्रावर भाताचा ओलावा यंत्राने मोजतात. तो 17 टक्क्यांहून अधिक भरला तर माल अडतो, आणि काढणीच्या दिवसांत पाऊस लागला की मर्यादा वाढवून मिळावी म्हणून शेतकऱ्यांना सरकारकडे धाव घ्यावी लागते.

त्याच गावात, त्याच हवेत, दारोदारी आणखी एक वस्तू निमूटपणे ओलावा पीत असते, आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या ब्रेकमधला द्रव.

आपण त्याला सरसकट ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो. वास्तविक ते तेल नव्हेच. ग्लायकॉल या जातीच्या रसायनांपासून तो द्रव बनवितात, आणि त्याचे काम वंगणाचे नसून निरोप्याचे आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे फ्रान्सच्या पास्कालने सतराव्या शतकात दाखवून दिले. मोटारीला हे तत्त्व लावण्यास विसावे शतक उजाडावे लागले. माल्कम लॉकहीड याने 1917 साली द्रवाच्या ब्रेकचे पेटंट घेतले, आणि 1921 च्या सुमारास अमेरिकेतील ड्युसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसले. आपण पेडल दाबतो, त्या दाबाने मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रव पुढे ढकलतो, आणि चाकापाशी असलेले पॅड तबकडीला करकचून धरतात. द्रव दाबून लहान होत नाही, या एका गुणावर ही सारी रचना उभी आहे.

आता हा द्रव ओलावा पितो, म्हणजे काय होते? तो बंदिस्त असला तरी पुरता बंद नसतो. टाकीच्या झाकणातून थोडी हवा आत-बाहेर करीत असते आणि चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांतूनही पाण्याचे कण झिरपतात. ग्लायकॉलला पाण्याची ओढ फार. येथे एक गंमत सांगितली पाहिजे. ही ओढ केवळ दोष नव्हे. द्रवाने पाणी आपल्यात सामावून घेतले नसते, तर ते थेंबाथेंबाने सर्वांत खालच्या जागी, म्हणजे नेमके तापणाऱ्या चाकापाशी, साचले असते आणि 100 अंशांच्या आसपासच उकळले असते. ग्लायकॉल ते पाणी सगळीकडे वाटून टाकते. पण या सौजन्याची किंमत त्याला मोजावी लागते.

ती किंमत आकड्यांत सांगता येते. डब्यावर ‘डॉट 3’ असे लिहिलेला द्रव ताजा असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा नियम आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की ही हमी 140 अंशांवर येते. एक लिटरमध्ये 3.7 टक्के म्हणजे चहाचे साडेसात चमचे पाणी; त्याने 65 अंशांचा फरक पडतो. ‘डॉट 4’ या वरच्या प्रतीचे आकडे 230 आणि 155 असे आहेत. सुरुवात उंचावरून होते, पण घसरण तिलाही चुकत नाही.

पापनाशममध्ये राहणाऱ्या एखाद्या निवृत्त गृहस्थांची गाडी डोळ्यांपुढे आणा. देऊळ, बाजार, फार तर तंजावरचे इस्पितळ, एवढाच तिचा फेरा. रस्ते तळहातासारखे सपाट. ब्रेक हळूच दाबायचा आणि सोडायचा. चाके तापण्याचा प्रश्नच येत नाही. द्रव जुना होऊन चहासारखा काळपट पडला तरी पेडल घट्टच लागते. गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरही धावत नसल्याने मालकांना वाटते, हिचे काय बदलायचे! परंतु येथे हिशेब किलोमीटरचा नसून काळाचा आहे. गाडी अंगणात उभी राहिली तरी ईशान्य मोसमी पावसाची ऑक्टोबर-नोव्हेंबरातली ओली हवा तिच्या ब्रेकमध्ये शिरतच असते.

मग एका सुटीत नातवंडे येतात आणि सर्वांचे कोल्लि मलैला जाण्याचे ठरते. नामक्कल जिल्ह्यातील हा डोंगर, वरचे देऊळ आणि आकाशगंगा धबधबा पाहण्यासारखी स्थळे आहेत. त्याच्या घाटाला एकामागून एक अशी 70 केसपिनी वळणे आहेत. चढताना काही कळत नाही, कारण चढावर भार इंजिनावर असतो. खरी परीक्षा उतरताना. माणसांसह 1200 किलो वजनाची गाडी 1000 मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, तिच्यावर सुमारे 40 लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा आणि टायरांचा विरोध, तसेच खालच्या गिअरमधले इंजिन त्यातला बराच वाटा उचलतात. परंतु चालकाने पेट्रोल वाचवण्यासाठी गिअर मोकळा ठेवून, निव्वळ ब्रेकवर भिस्त टाकून गाडी सोडली, तर जवळजवळ सारा भार त्या तबकड्यांवर पडतो. पॅडच्या मागेच द्रव आहे. तो तापतो, त्यातले पाणी उकळते आणि वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ दाबली की आकसते. म्हणजे पेडल दाबल्यावर पायाचा सारा जोर बुडबुडे लहान करण्यातच खर्ची पडतो आणि पेडल मऊपणे फळीला टेकते.

आजच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र फळ्या असतात. एक फुटली तरी दुसरी काम देते. या योजनेने पुष्कळ प्राण वाचविले आहेत. पण द्रव दोहींत तोच आणि तेवढाच जुना असेल, तर उकळण्याच्या संकटात ती अपुरी पडू शकते.

आणखी एक फसवणूक लक्षात ठेवण्याजोगी आहे. धोका बहुधा गाडी थांबल्यावर वाढतो. घाटात चहासाठी गाडी उभी केली की चाकांना लागणारा वारा बंद होतो आणि तबकडीतली उष्णता सावकाश द्रवाकडे सरकते. पंधरा मिनिटांपूर्वी ठीक असलेला ब्रेक चहा पिऊन निघताच पहिल्या वळणावर दगा देतो. आणि खाली पोचून तासभर गेला की वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल पहिल्यासारखे घट्ट होते, आणि मेकॅनिक गाडी तपासून सांगतो, ‘साहेब, काही दोष नाही.’ तोही खोटे बोलत नसतो. पुरावाच विरघळलेला असतो.

आपल्याकडचेच पाहायचे, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून आंबा किंवा आंबोली घाट चढणाऱ्या गाड्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. कोकणातला पावसाळा ओलाव्याच्या बाबतीत कावेरीकाठाला हार जाणारा नव्हे.

उपाय अवघड नाही. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत दर दोन वर्षांनी द्रव बदलण्यास सांगितलेले असते. नेमकी मुदत आपापल्या पुस्तिकेत पाहावी. बदलणे म्हणजे टाकीत वरून भर घालणे नव्हे. पॅड झिजले की पातळी आपोआप थोडी उतरते. तेथे भर घालत राहिले, तर पॅडची झीज दाखविणारी खूणच आपण पुसून टाकतो, आणि नळ्यांतला जुना द्रव मात्र जागच्या जागी राहतो. खरी पद्धत अशी की चाकापाशी असलेला छोटा स्क्रू सैल करून जुना द्रव बाहेर सोडायचा आणि वरून नवा ओतत राहायचे. एक माणूस पेडल दाबतो, दुसरा स्क्रू उघडतो व मिटतो, आणि चारही चाकांपाशी स्वच्छ द्रव येईतो हे चालते. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर पाण्याऐवजी हवाच नळ्यांत शिरते. नव्या गाड्यांत चाके अडकू न देणारी ‘एबीएस’ यंत्रणा असते. तिच्या बारीक झडपांना आतला गंज सोसत नाही, म्हणूनही ओला द्रव तेथे राहू देऊ नये.

प्रत पुस्तिकेत सांगितलेलीच घ्यावी. इंजिनाचे तेल चुकूनही या टाकीत जाता कामा नये. त्याने रबरी वाट्या फुगतात. डबा लहान आणि सीलबंद घ्यावा. फडताळावर सहा महिने अर्धा उघडा पडलेला डबा दुकानदाराने कितीही आग्रहाने पुढे केला तरी तो नाकारावा, कारण त्यानेही तेवढे दिवस हवा प्यालेली आहे. हा द्रव रंगाला खातो. बॉनेटवर सांडला तर लगेच पाण्याने धुवावा. काढलेला जुना द्रव कालव्यात किंवा गटारात न सोडता बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या हवाली करावा. आणि घाटात पेडल मऊ लागलेच, तर ते भराभर खालीवर दाबावे, गिअर एकेक पायरीने खाली आणावा, हँडब्रेक अलगद ओढावा. बहुतेक गाड्यांत तो तारेने चालतो, त्याला द्रवाची गरज नसते. गाडी थांबल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. ती आपोआप निवू द्यावीत, त्याला चांगला तासभर लागतो.