सांगवीचे भालचंद्र नेमाडे

चांदनीहून भुसावळकडे जाणारी गाडी धरली की बऱ्हाणपूर, मग रावेर, सावदा अशी स्टेशनं येतात. उजव्या हाताला सातपुडा सोबत असतो, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. मध्ये राज्याची हद्द ओलांडलेली कळतही नाही. याच पट्ट्यात, जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यात सांगवी नावाचं गाव आहे. ज्ञानपीठ मिळालेले आपले कादंबरीकार भालचंद्र नेमाडे तिथले. जन्म 27 मे 1938, शेतकरी घरातला.

शिक्षणासाठी ते पुण्याला गेले. फर्ग्युसन कॉलेज, मग डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, पुढे मुंबईत इंग्रजीत एम.ए. मुंबईहून गावी आल्यावर 1963 साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी दोन-तीन आठवड्यांत एक कादंबरी लिहून काढली. ती ‘कोसला’. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने त्याच वर्षी ती छापली.

गोष्ट म्हटली तर साधी. पांडुरंग सांगवीकर नावाचा मुलगा गावाहून पुण्याला शिकायला जातो, होस्टेलवर राहतो, गॅदरिंग आणि मेसच्या भानगडीत पडतो, बापाचे पैसे उडवतो, नापास होतो आणि गावी परत येतो. नायकाने काहीतरी करून दाखवलं पाहिजे अशी सवय असलेल्या वाचकांना हे झेपलं नाही. तरुणांना मात्र तो आपलाच वाटला. त्याच्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ची लागण कित्येक वर्षं कॉलेजातल्या मुलांना होती. पण मला विचाराल तर पुस्तकाचा जीव पुण्यात नाही, घरात आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, तो भाग वाचताना ‘उदाहरणार्थ’ची सगळी गंमत गळून पडते. घरच्या माणसांचं बोलणं, बापाचा दरारा, आईचं गप्प राहणं, हे आपल्याकडच्या कुठल्याही घरात बसून लिहिल्यासारखं वाटतं.

नोकरी त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवण्याची केली. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, काही काळ लंडन, मग गोवा विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख, शेवटी मुंबई विद्यापीठ. आणि इंग्रजीचा हा प्राध्यापक मुलांना मातृभाषेतूनच शिकवा म्हणून भांडत राहिला! साहित्य आपल्या मातीतून, आपल्या बोलीतून यावं, या त्यांच्या म्हणण्याला ‘देशीवाद’ हे नाव पडलं. त्यावरून वाद पुष्कळ झाले. नेमाडे बोलतातही टोकाचं, सगळंच पटावं असं नाही.

कॉलेजं बदलत फिरण्याचा हा अनुभव ‘बिढार’ (1975), ‘जरीला’ (1977) आणि ‘झूल’ (1979) या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील या प्राध्यापकाच्या रूपाने आला. ‘टीकास्वयंवर’ या समीक्षेच्या पुस्तकाला 1991 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कादंबरी मात्र ‘झूल’नंतर तब्बल एकतीस वर्षांनी आली, ती ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (2010). मोहेंजोदडोच्या उत्खननापासून खानदेशातल्या खेड्यापर्यंत पसरलेला हा सहाशे पानांचा पसारा आहे. मला तो दोनदा अर्ध्यावर सोडावा लागला; तिसऱ्यांदा गावाकडच्या पानांनी धरून ठेवलं. 2011 साली पद्मश्री आणि पाठोपाठ 2014 सालचं ज्ञानपीठ. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतर मराठीला मिळालेलं ते चौथं.

आपल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात शाळा हिंदी, बाजार हिंदी, मराठी उरली ती स्वयंपाकघरात. तीही पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की जरा दबून बोलतो, आपलं चुकतंय असं वाटतं. पाहुण्यांना हसू येतं ते बोलणं ज्या पट्ट्यातलं, त्याच पट्ट्यातल्या माणसाने मराठी कादंबरीची चाल बदलली, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

आमचा मुलगा इंदूरला होस्टेलवर गेला तेव्हा त्याच्या बॅगेत ‘कोसला’ टाकली होती. त्याचं सगळं शिक्षण हिंदीतून, मराठी अक्षर लावून लावून वाचतो. दिवाळीत आला तेव्हा पुस्तक परत आणलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, “मेसचं झालं वाचून. आता तो घरी चाललाय.”